नेमका डास कोणता?



२०१६ सालचा फेब्रुवारी. ब्राझीलमध्ये झिकाची साथ जोरात होती. गरोदरपणात झिका झालेल्या बायकांना फारच लहान डोक्याची बाळं होत होती, आणि ईशान्येकडच्या पेर्नांबुको राज्यात तर अशा बाळांच्या बातम्यांनी लोक धास्तावून गेले होते. सरकारनं दोन लाखांहून अधिक सैनिक या मोहिमेत उतरवले. ते गल्लोगल्ली फिरून पाण्याची पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर तपासा म्हणून सांगत होते; कारण झिका पसरवतो एडिस इजिप्ती हा डास, आणि तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. याच राज्याची राजधानी रेसिफे. तिथल्या ओस्वाल्डो क्रूझ फाउंडेशनच्या केंद्रात कॉन्स्टान्सिया आयरेस या संशोधक मात्र दुसऱ्याच डासाच्या मागे लागल्या होत्या. रेसिफेच्या गरीब वस्त्यांतून उघडी गटारं वाहतात, आणि रात्री तिथल्या माणसांची झोप उडवतो तो क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस. आपल्या विदर्भात हत्तीरोग पसरवणारा डासही हाच.

आयरेस यांच्या गटाला शहरातून पकडलेल्या क्युलेक्समध्ये झिकाचा विषाणू सापडला. विषाणू मिसळलेलं रक्त पाजलेल्या क्युलेक्सच्या लाळेतही तो मिळाला. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पॅरिसमध्ये, अमेरिकेत, खुद्द रिओमध्ये इतर संशोधकही याच प्रश्नाला भिडले होते आणि त्यातल्या बहुतेकांचा अनुभव उलटा होता: क्युलेक्सच्या अंगात झिका जवळपास रुजतच नाही.

वरवर पाहता हा चार तज्ज्ञांमधला वाद. पण त्यावर काय अवलंबून होतं ते बघावं. डास एडिस असेल, तर पिंपाला झाकण घाला, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं घराघराला सांगता येतं. डास क्युलेक्स असेल, तर गटारं बांधावी लागतात, मैलापाण्याची सोय करावी लागते आणि त्याचा खर्च सरकारच्या डोक्यावर येतो. डासाची जात ठरली की काम कुणाचं आणि पैसा कुणाचा हेही ठरतं. आज पुराव्याचं पारडं एडिसकडे स्पष्ट झुकलेलं आहे. तरीही आयरेस यांनी हा प्रश्न साथ चालू असतानाच विचारला, हे फार चांगलं झालं. कारण तो विचारला गेला म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळांनी क्युलेक्स कसून तपासला.

विषाणू पसरवणारा डास ओळखायचा कसा, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातली पहिली अडचण अशी, की डासाच्या शरीरात विषाणू सापडला एवढ्यावरून तो डास रोग पसरवतो असं ठरत नाही. तापाच्या रुग्णाला मादी चावली की रक्ताबरोबर विषाणू तिच्या पोटात जाणारच. ते रक्त पचेपर्यंत पीसीआर चाचणीत तो दिसत राहील. एचआयव्हीसुद्धा असाच डासाच्या पोटात जातो आणि तिथेच पचून संपतो. डासामुळे एड्स होत नाही तो त्यामुळेच. डास म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला टोचणारी सुई नव्हे. विषाणूला त्याच्या शरीरातून मोठी मजल मारावी लागते. आधी आतड्याच्या पेशींत शिरून तिथे वाढायचं, मग तिथून सुटून अंगभर पसरायचं, लाळग्रंथीत शिरायचं, तिथे पुन्हा वाढायचं आणि शेवटी लाळेत उतरायचं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर तो अडू शकतो. कुठे अडेल ते डासाच्या जातीवर आणि विषाणूच्या वाणावर अवलंबून असतं. कधी कधी तर एकाच जातीच्या, पण दोन वेगळ्या गावांतल्या डासांमध्येही फरक पडतो.

हे प्रयोगशाळेत कसं तपासतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. विषाणू मिसळलेलं रक्त पातळ पडद्यामागे अंगाच्या उष्णतेइतकं कोमट ठेवतात. माद्या पडद्यातून सोंड खुपसून ते पितात. ज्यांची पोटं लाल होऊन टम्म फुगली, त्या वेगळ्या काढून २७-२८ अंशांच्या दमट खोलीत साखरेच्या पाण्यावर आठवडा-दोन आठवडे जगवतात. मग एकेकीला गारठवून निपचित करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं तिचे पाय आणि पंख काढायचे आणि सोंड बारीक काचेच्या नळीत सरकवायची. नळीत थोडं तेल किंवा साखरेचा द्रव असतो. काही वेळानं त्यात लाळ उतरते. तेल असेल तर तिचे इवलेसे थेंब दिसतातही. धड एका कुपीत, पाय दुसऱ्या कुपीत, लाळ तिसऱ्या कुपीत. धडात विषाणू आहे पण पायांत नाही, तर तो आतड्यातच अडकला. पायांत आहे पण लाळेत नाही, तर लाळग्रंथीपाशी अडला. लाळेत जिवंत विषाणू मिळाला, तरच ही मादी चावून दुसऱ्याला आजारी पाडू शकते.

शकते, एवढंच. प्रत्यक्षात पाडते का, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. त्यासाठी डासाचं रोजचं जगणं माहीत असावं लागतं. विषाणूला लाळेपर्यंत पोचायला १० दिवस लागतात असं धरू. एखाद्या जातीच्या १०० माद्यांपैकी रोज ९० तगत असतील, तर १० दिवसांनी ३५ उरतात. रोज ८०च तगत असतील, तर उरतात अवघ्या ११. तगण्यात थोडा फरक, पण साथीवर त्याचा परिणाम तिपटीचा. शिवाय मादीनं दोनदा माणसालाच चावायला हवं: एकदा विषाणू घ्यायला, एकदा द्यायला. मधल्या वेळी ती गाईला किंवा कोंबडीला चावत राहिली तर साखळी तुटते. एडिस इजिप्ती इतका घातक ठरतो तो इथे. तो माणसाच्या घरातच राहतो, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली दबा धरून बसतो, दिवसा चावतो आणि एका बैठकीत पोट भरत नाही. हाकललं की दुसऱ्याला चावतो. एकच मादी एका घरातल्या तिघाचौघांना आजारी पाडू शकते.

म्हणून या शास्त्रात चार गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. निसर्गात पकडलेल्या त्या जातीच्या डासांत विषाणू पुन्हा पुन्हा मिळावा. प्रयोगशाळेत ती जात रक्तातून विषाणू घेऊ शकावी. चावून तो पुढे देऊ शकावी. आणि जिथे, जेव्हा माणसं आजारी पडतात तिथे, तेव्हा तो डास त्यांना चावत असावा. यातली एखादी गोष्ट हाती आली की उरलेल्या तीन गृहीत धरायचा मोह होतो, आणि घोटाळे बहुतेक तिथेच झालेले आहेत.

क्युबातल्या कार्लोस फिनले यांची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. पिवळा ताप डास पसरवतो, हे त्यांनी १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. नुसता डास म्हणून ते थांबले नाहीत. अमुकच डास, असं त्यांनी नेमकं बोट ठेवलं, आणि आज आपण ज्याला एडिस इजिप्ती म्हणतो तोच तो डास. पिवळा ताप जिथे जिथे, तिथे तिथे हा डास, आणि तो अनेकदा चावतो, यावरून त्यांनी हे ताडलं होतं. पण सिद्ध करायला गेले की प्रयोग फसायचा. रुग्णाला चावलेला डास ते दोन-चार दिवसांतच दुसऱ्या माणसाला चाववत, आणि त्या माणसाला काहीच होत नसे, किंवा झालं तरी शंका राहील इतपतच. वीस वर्षं त्यांना कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डास बरोबर होता. फक्त विषाणूला लाळेत उतरायला वेळ लागतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो धागा मिळाला मिसिसिपीतल्या दोन खेड्यांमध्ये. १८९८ मध्ये हेन्री कार्टर हे डॉक्टर तिथे एकेका शेतघराच्या नोंदी ठेवत होते. घरात पहिला रुग्ण आला म्हणून लगेच दुसरा होत नाही, मध्ये दोन-तीन आठवडे जातात, आणि रुग्ण हलवल्यानंतर बऱ्याच दिवसांनी नुसतं त्या घरात गेलेला माणूसही आजारी पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९०० साली वॉल्टर रीड यांचं अमेरिकी लष्करी पथक हवानात उतरलं, तेव्हा फिनले यांनी आपल्या डासांची अंडी त्यांच्या हवाली केली. पथकातले जेम्स कॅरोल यांनी २७ ऑगस्टला एक डास स्वतःला चाववून घेतला. त्या डासानं १२ दिवसांपूर्वी एका रुग्णाचं रक्त प्यालेलं होतं. कॅरोल मरता मरता वाचले. त्यांचे सहकारी जेसी लाझीअर वाचले नाहीत. २५ सप्टेंबर १९०० रोजी ते गेले, वयाच्या ३४व्या वर्षी.

लाझीअर यांच्या नावानं उभ्या केलेल्या छावणीत रीड यांनी दोन लाकडी खोल्या बांधल्या. एकीत रुग्णांच्या ओकाऱ्या आणि मळ लागलेल्या चादरी, कपडे आणून टाकले आणि तिघे जण ते अंगाखाली-अंगावर घेऊन वीस रात्री झोपले. एकालाही ताप आला नाही. दुसरी खोली स्वच्छ, मधोमध तारेची जाळी. एका बाजूला रुग्णांना चावलेले डास सोडले. डासांच्या बाजूचा माणूस आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांचे कपडे जाळणाऱ्या हवानानं पुढच्या वर्षी पाण्याची भांडी झाकायला, त्यांवर तेल टाकायला घेतलं आणि १९०१ सरता सरता तिथला पिवळा ताप हटला.

पण एक डास सापडला म्हणजे रोगाचं सगळं कोडं सुटलं, असंही नाही. १९३२ मध्ये ब्राझीलच्या एका ग्रामीण खोऱ्यात पिवळा ताप आला आणि तिथे एडिस इजिप्ती औषधालाही नव्हता. रानात, झाडांच्या शेंड्यांवर माकडांना चावणारे हिमॅगोगस जातीचे डास तो पसरवत होते, हे पुढे उलगडलं. झाड तोडलं की शेंड्यावरचे डास लाकूडतोड्याच्या अंगावर येतात.

झिकाची सुरुवातही अशीच झाडावरची. युगांडात एंटेबेजवळच्या झिका जंगलात मचाणावर पिंजऱ्यात ठेवलेल्या ७६६ क्रमांकाच्या माकडात १९४७च्या एप्रिलमध्ये हा विषाणू मिळाला आणि पुढच्या जानेवारीत तिथल्याच एडिस आफ्रिकॅनस डासात. २००७ मध्ये मात्र तो थेट पॅसिफिकमधल्या याप बेटांवर उगवला. अवघ्या काही महिन्यांत तीन वर्षांवरच्या रहिवाशांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांना लागण होऊन गेली. बेटांवर सगळ्यात जास्त डास होते एडिस हेन्सिली जातीचे. पकडलेल्या डासांपैकी एकातही झिका सापडला नाही. ही जात झिका घेऊ शकते हे नंतर प्रयोगशाळेत दिसलं, पण साथ चालू असताना विषाणू हाती लागला नव्हता. साथीत संसर्ग झालेले डास शंभरात एखाद-दुसरा, कधी त्याहूनही कमी असतात. म्हणून पंचवीस-पन्नास डास एकत्र कुटून त्यांची चाचणी करतात. तेवढ्यानंही हुकतं. विषाणू सापडला नाही म्हणून डास निर्दोष, असं म्हणता येत नाही.

आता पुण्याकडे येऊ. १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. पाचच वर्षांत तिच्यापुढे मोठी परीक्षा उभी राहिली. १९५७च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणू लागली. माकडं मरतात, माणसांना रक्तस्रावाचा ताप येतो. पहिली भीती मनात आली ती पिवळ्या तापाची. भारतात हा ताप कधी आलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती घरोघर आहे. ही भीती खरी ठरली असती तर केवढा हाहाकार उडाला असता! डॉ. टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचं पथक जंगलात गेलं. विषाणू मिळाला तो पिवळ्या तापाचा नव्हता; रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला होता. मग माकडांच्या अंगावरच्या आणि पाचोळ्यातल्या गोचिडी तपासल्या आणि हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा या जातीत तोच विषाणू मिळाला. डास मारत बसलो असतो तर त्या गावांना काहीच उपयोग झाला नसता. हाच माकडताप २०१५-१६च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूच्या बागांत पाचोळ्यातून वावरणाऱ्या माणसांना अंगाला लावायचं तेल आणि पायभर कपडे हे सांगितलं जातं ते गोचिडीसाठी.

चांदीपुरा विषाणूची गोष्ट याच्या पुढची. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ चालू असताना दोन रुग्णांच्या रक्तात तो मिळाला आणि तिथल्याच वस्तीचं नाव त्याला पडलं. काही वर्षांनी औरंगाबाद जिल्ह्यातल्या वाळूमाशांमध्ये तो सापडला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी डासांवरही प्रयोग केले, आणि एडिस इजिप्ती प्रयोगशाळेत चांदीपुरा उत्तम रीतीनं पसरवू शकतो असं दिसलं. तरीही या रोगाचं बोट वाळूमाशीकडेच राहिलं, कारण निसर्गात तो तिच्यातच मिळतो आणि मुलं आजारी पडतात ती मातीच्या, भेगाळलेल्या भिंतींच्या घरांतली. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडून १८३ दगावली, तेव्हा भिंतींच्या भेगा लिंपा, गोठे घरापासून दूर न्या, असं सांगण्याला अर्थ होता तो या ओळखीमुळे.

कधी डास तोच राहतो आणि विषाणू बदलतो. चिकुनगुन्या १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेला आणि मग तीस-बत्तीस वर्षं भारतात गप्प बसला. २००५-०६ मध्ये तो परतला, आणि एका वर्षात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्याच काळात हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर जवळपास एक तृतीयांश लोक सांधे धरून बसले होते. तिथे एडिस इजिप्ती तुरळक. भरपूर होता तो एडिस अल्बोपिक्टस, पाठीवर एकच पांढरी रेघ असलेला. हा डास चिकुनगुन्यासाठी दुय्यम मानला जाई. विषाणूच्या वेष्टनातल्या एका प्रथिनात २२६व्या जागी एका अमिनो आम्लाच्या ऐवजी दुसरं आलं होतं, आणि तेवढ्या बदलानं अल्बोपिक्टसच्या आतड्यात शिरणं त्याला फार सोपं झालं होतं. २००७ मध्ये हाच बदल केरळात दिसला. तिथे पावसाळ्यात रबराच्या झाडांना बांधलेल्या, चीक गोळा करायच्या वाट्या पावसाच्या पाण्यानं भरतात आणि अल्बोपिक्टस त्यांत वाढतो. त्याच वर्षी केरळहून आलेल्या एका पाहुण्याबरोबर विषाणू इटलीत उतरला आणि नदीच्या दोन काठांवरच्या दोन छोट्या गावांत २०५ रुग्ण झाले. इजिप्तीच्या भरवशावर आखलेली मोहीम केरळच्या रबरबागांत किंवा इटलीच्या अंगणांत काय कामाची?

इतकं सगळं ज्या ओळखीवर उभं आहे, ती सोपी नाही. जपानी मेंदूज्वराचं उदाहरण घ्यावं. भारतात त्याचे रुग्ण पहिल्यांदा ओळखले गेले ते १९५५ मध्ये वेल्लोरकडे. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स ट्रायटेनिओरिंकस, क्युलेक्स विष्णुई आणि क्युलेक्स स्यूडोविष्णुई हे तीन डास तो पसरवतात. ते एकमेकांसारखे दिसतात. फरक आहे तो अंगावरच्या खवल्यांच्या रंगात आणि मांडणीत, आणि सापळ्यातल्या पंख्यानं हेच खवले झडून जातात. डीएनएवरून जात ठरवता येते, पण तो डीएनए जुळवून बघायला आधी कुणीतरी डोळ्यांनी नक्की ओळखलेला नमुना लागतो. आपल्याकडचे अभ्यासक अजूनही बॅरॉड यांचा १९३४चा ग्रंथ उघडून बसतात. असे डोळे तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्यांची कदर आपल्याकडे फारच कमी आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या आपल्या भाताच्या पट्ट्याला तर ते डोळे हवेतच.

आता झिकाकडे परत येऊ. पुण्याच्या केंद्रातल्या स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी भारतीयांच्या रक्तात झिकाविरुद्धची प्रतिद्रव्यं आढळल्याचं १९५४ मध्येच लिहिलं होतं. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो २०२१च्या जुलैमध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पथकात तीन माणसं होती: सार्वजनिक आरोग्याचे एक तज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दिल्लीच्या मलेरिया संशोधन संस्थेतले एक कीटकशास्त्रज्ञ. कीटकशास्त्रज्ञ पथकात होता, हे अगदी योग्य झालं. प्रत्येक साथीत तो पहिल्याच दिवशी हवा, आणि दिल्लीहून नव्हे, जिल्ह्यातूनच यायला हवा. बहुतेक गावांत रुग्ण आढळला की सगळ्यात आधी धुराचं यंत्र येतं. लोकांना धीर येतो, पण ज्या डासांना विचारायचं होतं तेच त्या धुरात मरून किंवा उडून जातात. यंत्र गावात शिरण्याआधी कीटक समाहारकाला, म्हणजे कीटक गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याला, टॉर्च, नळी आणि कुप्या देऊन रुग्णाच्या आणि शेजारच्या घरांतले डास गोळा करायला एक सकाळ पुरते. घर, कोपरा, वेळ लिहून त्या कुप्या बर्फातून पुण्याला पोचवल्या, की त्या गावात पिंपं झाकायची, गटार उपसायचं की भिंती लिंपायच्या, हे ठरवायला निदान काहीतरी हाती लागतं.